नवे खाते, जुनी पत

आपल्या भाषेत ‘पत’ हा शब्द फार जुना आहे. पत राखणे, पत जाणे, बाजारात पत असणे असे आपण सहज म्हणतो. पत म्हणजे विश्वास, आणि तोही पैशाच्या व्यवहारातला. आता असा विश्वास मोजता येईल का? तापमान अंशांत मोजतात, वजन किलोग्रॅममध्ये मोजतात, तशी माणसाची पत आकड्यात सांगता येईल का? आज बँका तसा प्रयत्न करतात. हे मोजमाप करताना, माणसाने अलीकडे उघडलेल्या खात्यांना त्या बरेच महत्त्व देतात. वेळच्या वेळी पैसे भरणाऱ्या माणसाचाही क्रेडिट कार्डाचा अर्ज कधी कधी ‘अलीकडे बरीच नवी खाती’ एवढ्या कारणाने नाकारला जातो. हे असे का होते, त्यामागे कोणते गणित आहे, आणि ते गणित कोठे अपुरे पडते, हे या लेखात पाहू.

दुकानदाराची वही

पुण्याच्या नैर्ऋत्येस असलेले कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला आश्रम येथे एका झोपडीत आणला, म्हणून पुढे या वस्तीला त्यांचे नाव मिळाले. कर्वे हे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. तेव्हा आपणही कर्वेनगरातूनच गणिताला सुरुवात करू.

समजा, कर्वेनगरात एकाच रस्त्यावर तीन किराणा दुकाने आहेत. प्रत्येक दुकानदाराकडे उधारीची वही आहे. एका कुटुंबाची पहिल्या दुकानात सहा वर्षे उधारी चालू आहे, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हिशेब चुकता होतो. या दुकानदाराच्या दृष्टीने त्या कुटुंबाची पत उत्तम आहे. एके दिवशी ते कुटुंब दुसऱ्या दुकानात उधारीचे खाते उघडते, आणि आठवड्याभराने तिसऱ्यातही. दुसऱ्या दुकानदाराला तिसऱ्याची वही दिसत नाही. पहिल्याला तर दोन्ही ठाऊक नाहीत. तीनही वह्यांत रक्कम थोडी थोडीच दिसते. एकूण उधारी किती, हे मात्र कोणालाच कळत नाही.

असे का झाले असेल? कदाचित दुसऱ्या दुकानात तांदूळ चांगला मिळत असेल. कदाचित घरातील कमावत्या माणसाची नोकरी गेली असेल. वही एवढेच सांगते की खाते नवे आहे. खाते का उघडले, ते वहीत लिहिलेले नसते. आपल्या विषयाचा गाभा हाच आहे.

सुप्याचा धडा

कर्जाची नोंद कोणाच्या हाती असते आणि ती कोणाला पाहता येते, हा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो जवळपासच्या गावांत पसरला. त्यांचा रोख मुख्यतः कर्जाच्या कागदपत्रांवर होता. खते आणि रोखे जाळण्यात आले. पुष्कळ शेतकऱ्यांना लिहितावाचता येत नव्हते. आपल्या नावावर नेमके काय लिहिले आहे, हे त्यांना समजत नसे. इतिहासात हा प्रसंग ‘दख्खनचे दंगे’ म्हणून ओळखला जातो. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी कायदा झाला. कर्जखते गावातील अधिकाऱ्यासमोर नोंदवावीत, दिलेल्या पैशाची पावती मिळावी, हिशेब मागता यावा, अशा तरतुदी त्यात होत्या.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, धनकोला ऋणकोची खरी माहिती हवी असते. दुसरी, ऋणकोलाही आपल्याविषयी काय लिहिले गेले आहे ते पाहता आले पाहिजे. आजच्या पतमापनातही हे दोन्ही प्रश्न आहेत.

सामाईक वही

तीन दुकानदारांनी मिळून एक सामाईक वही ठेवली तर? भारतात बँकांसाठी नेमके हेच झाले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सिद्दीकी समितीच्या शिफारशीनुसार ऑगस्ट २००० मध्ये मुंबईत ‘सिबिल’ ही कंपनी स्थापन झाली. २००४ पासून व्यक्तींच्या कर्जांची माहिती तेथून बँकांना मिळू लागली, आणि २००७ साली पतगुणांक सुरू झाला. पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या हे काम करतात.

या कंपन्या कोणालाही कर्ज देत नाहीत, अर्ज मंजूर किंवा नामंजूरही करीत नाहीत. त्या केवळ नोंद ठेवतात. प्रत्येक कर्जखाते केव्हा उघडले, मंजूर रक्कम किती, बाकी किती, हप्ता कोणत्या महिन्यात किती दिवस उशिरा भरला, हे त्यांच्या अहवालात असते. या नोंदींवरून ३०० ते ९०० या दरम्यान एक गुणांक काढतात. गुणांक जितका जास्त, तितकी परतफेडीची शक्यता अधिक मानली जाते.

क्रेडिट कार्ड हेही एक कर्जच आहे, हे येथे लक्षात ठेवा. कार्डाने वस्तू घेतली की पैसे बँक भरते, आणि आपण ते ठरलेल्या तारखेपर्यंत बँकेला परत करतो. सोने किंवा घर असे काही तारण सहसा नसते. म्हणून कार्ड देताना बँक अर्जदाराच्या पूर्वीच्या नोंदी विशेष बारकाईने पाहते.

आधी वीज, मग गडगडाट

कार्डासाठी अर्ज केला की बँक त्या अर्जदाराचा अहवाल मागविते. या मागणीचीही नोंद होते, तिला ‘चौकशी’ म्हणतात. कोणत्या संस्थेने, कोणत्या तारखेला, कशासाठी चौकशी केली, हे अहवालात उमटते. पुढे कार्ड मंजूर झाले की नवे खाते नोंदले जाते. म्हणजे एका अर्जामुळे दोन खुणा उमटू शकतात, आधी चौकशी आणि नंतर खाते. अर्ज नामंजूर झाला तरी पहिली खूण राहतेच.

बँकेला चौकशीची एवढी काळजी का? वळवाच्या पावसाचे उदाहरण घ्या. आकाशात वीज चमकते ती आपल्याला तत्काळ दिसते. गडगडाट मात्र मागाहून ऐकू येतो, कारण ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर एवढ्याच वेगाने येतो. वीज एक किलोमीटर दूर असेल, तर आवाज पोहोचायला सुमारे तीन सेकंद लागतात. या तीन सेकंदांत वीज पडली हे आपल्याला डोळ्यांनी कळते, कानांनी नाही.

चौकशीची नोंद विजेसारखी आहे, ती लगेच दिसते. नव्या खात्याची नोंद गडगडाटासारखी मागून येते. बँका पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा पाठवीत. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून ती पंधरवड्याने पाठविण्यास सांगितले. तरीही मध्ये काही दिवस जातातच. समजा, एखाद्याने आठ दिवसांत चार ठिकाणी कर्ज घेतले. पाचवी बँक अहवाल पाहील तेव्हा तिला चार चौकशा दिसतील, पण चार खाती कदाचित अजून दिसणार नाहीत. चौकशा पाहून ती मनाशी म्हणते, “वीज चमकली आहे, गडगडाट अजून यायचा आहे.” म्हणून ती सावध होते.

आपणच आपला अहवाल मागविला तर ती कर्जाची चौकशी धरली जात नाही आणि त्याने गुणांक घटत नाही. घड्याळात पाहिल्याने वेळ बदलत नाही, तसेच हे आहे.

सरासरी वयाचे गणित

आता नव्या खात्याचा दुसरा परिणाम पाहू. अर्जदाराची खाती सरासरी किती जुनी आहेत, याचाही विचार गुणांक काढताना होतो. खाते जितके जुने, तितका वागणुकीचा पुरावा जास्त.

‘अ’ आणि ‘ब’ हे कर्वेनगरातील दोन शेजारी आहेत असे समजा. दोघांचीही तीन कर्जखाती आहेत. त्यांची वये १०८, ७२ आणि ३६ महिने. बेरीज २१६, म्हणून सरासरी ७२ महिने. दोघांनीही एकही हप्ता चुकविलेला नाही.

दोन महिन्यांपूर्वी ‘ब’ने मोबाइल हप्त्याने घेतला आणि एका दुकानाच्या सवलतीसाठी नवे कार्डही घेतले. हप्त्याने वस्तू देणाऱ्या अशा अनेक योजनांत प्रत्यक्षात एक लहान कर्जखाते उघडले जाते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आता ‘ब’ची पाच खाती झाली. बेरीज २१६ + २ + २ = २२०. सरासरी ४४ महिने.

पाहा, ‘ब’ने काहीही बुडविलेले नाही, तरी त्याच्या खात्यांचे सरासरी वय ७२ वरून ४४ महिन्यांवर आले. वर्गात दोन लहान मुले येऊन बसली की वर्गाचे सरासरी वय घटते. मोठ्या मुलांपैकी कोणी लहान झालेले नसते. पुढे ‘ब’ने आणखी खाते उघडले नाही, तर प्रत्येक खात्याचे वय दरमहा एक महिन्याने वाढेल, म्हणजे सरासरीही दरमहा एक महिन्याने वाढेल. पुन्हा ७२ वर येण्यास ७२ – ४४ = २८ महिने लागतील. काळ हेच येथे औषध आहे.

तरी नवे खाते नेहमी अपायच करते असे समजू नका. समजा, ‘ब’च्या जुन्या कार्डाची मर्यादा ५०,००० रुपये आहे आणि तो दरमहा २०,००० वापरतो. वापर ४० टक्के झाला. नव्या कार्डाची मर्यादाही ५०,००० असेल आणि खर्च तेवढाच राहिला, तर वापर २० टक्क्यांवर येतो. मर्यादेच्या मानाने वापर कमी असणे हे चांगले लक्षण मानतात. म्हणजे एकाच घटनेचे दोन परिणाम विरुद्ध दिशांना खेचतात. अमेरिकेतील ‘फिको’ या पतगुणांकाचे ढोबळ भाग प्रसिद्ध आहेत. त्यात परतफेडीच्या इतिहासाला ३५ टक्के, थकित रकमेला ३० टक्के, इतिहासाच्या लांबीला १५ टक्के, नव्या कर्जांना १० टक्के आणि कर्जांच्या प्रकारांना १० टक्के वजन आहे. भारतातील गुणांकांची सूत्रे वेगळी आहेत, पण हप्ता वेळेवर भरणे ही सर्वांत मोठी गोष्ट, हे येथेही खरे आहे.

फुलांवरून कर्जदाराकडे

हे शास्त्र आले कोठून? १९३६ साली रोनाल्ड फिशर या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने आयरिस जातीच्या १५० फुलांची मापे वापरून एक प्रश्न सोडविला. पाकळ्यांची लांबी-रुंदी ठाऊक असेल, तर फूल कोणत्या उपजातीचे आहे हे सांगता येईल का? त्याने मापांना योग्य वजने देऊन त्यांचा एक आकडा बनविला, आणि त्या आकड्यावरून उपजाती वेगळ्या केल्या. त्याच वर्षी कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी, अनेक मापे एकत्र घेऊन दोन समूहांतील अंतर कसे मोजावे, याची आपली पद्धत मांडली. ती ‘महालनोबिस अंतर’ या नावाने जगभर वापरली जाते.

१९४१ साली अमेरिकेत डेव्हिड ड्युरँड यांनी फिशरची पद्धत हप्त्यांच्या कर्जांना लावून पाहिली. फुलांच्या उपजातींऐवजी फेडलेली कर्जे आणि बुडालेली कर्जे असे दोन समूह त्यांनी घेतले. १९५६ मध्ये बिल फेअर आणि अर्ल आयझॅक यांनी याच कामासाठी कंपनी काढली. ‘फिको’ हे नाव त्या कंपनीचेच संक्षिप्त रूप आहे.

मात्र फूल आणि माणूस यांत फरक आहे. फुलाची उपजात बदलत नाही. माणसाची परिस्थिती बदलते.

हजार अर्जांचे गणित

आता बँकेच्या खुर्चीत बसून विचार करू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

समजा, १,००० अर्ज आले. त्यांपैकी ८०० जणांची अलीकडे उघडलेली खाती थोडी आहेत. त्यांच्यातील २ टक्के, म्हणजे १६ जण पैसे बुडवितात. उरलेल्या २०० जणांची नवी खाती पुष्कळ आहेत. त्यांच्यातील ६ टक्के, म्हणजे १२ जण पैसे बुडवितात. नियमित ग्राहकाकडून बँकेला २,००० रुपये मिळतात आणि पैसे बुडविणाऱ्यामुळे ५०,००० रुपये जातात असे धरू.

पहिल्या गटात ७८४ × २,००० = १५,६८,००० रुपये मिळतील आणि १६ × ५०,००० = ८,००,००० रुपये जातील. नफा ७,६८,००० रुपये.

दुसऱ्या गटात १८८ × २,००० = ३,७६,००० रुपये मिळतील आणि १२ × ५०,००० = ६,००,००० रुपये जातील. तोटा २,२४,००० रुपये.

म्हणून बँक दुसऱ्या गटाला नकार देते. एक माणूस बुडाला की पंचवीस नियमित ग्राहकांची मिळकत धुऊन जाते, हे त्यामागचे कारण आहे.

पण याच गणिताकडे दुसऱ्या बाजूने पाहा. नकार मिळालेल्या २०० जणांपैकी १८८ जण पैसे फेडणारच होते. १२ जणांना टाळण्यासाठी १८८ प्रामाणिक माणसांना परत पाठविले गेले. आणखी एक गंमत अशी की, एकूण २८ बुडविणाऱ्यांपैकी १६ जण, म्हणजे निम्म्याहून अधिक, ‘चांगल्या’ गटातले आहेत! ‘नवी खाती पुष्कळ असणाऱ्यांत बुडविणारे अधिक प्रमाणात आढळतात’ आणि ‘बुडविणाऱ्यांपैकी बहुतेकांची नवी खाती पुष्कळ असतात’ ही दोन विधाने वेगळी आहेत. पहिले येथे खरे आहे, दुसरे खोटे. संभाव्यतेच्या अभ्यासात हा घोटाळा नेहमी होतो. तो शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढून अवश्य समजावून द्यावा.

थोडक्यात, समूहाविषयीचा नियम खरा असला तरी तो व्यक्तीविषयीचा निवाडा नव्हे. अर्ज नामंजूर झालेला माणूस लबाड ठरत नाही. त्याच्याविषयीचा पुरावा बँकेला त्या वेळी अपुरा वाटला, एवढाच त्याचा अर्थ.

अर्जदाराचे हक्क

सुप्याच्या शेतकऱ्याला जे मिळाले नव्हते, ते आज नियमांनी दिलेले आहे. २०१७ पासून प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. कार्डाचा अर्ज नाकारला तर त्याचे नेमके कारण बँकेने लेखी कळवावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. कार्ड चालू होण्यापूर्वी त्या खात्याची माहिती पत-माहिती कंपनीला कळवू नये, असेही त्यात आहे. न मागता आलेल्या कार्डामुळे कोणाची नोंद बिघडू नये, हा त्यामागचा हेतू दिसतो. नोंदीतील चुकीबद्दलच्या तक्रारीचे ३० दिवसांत निवारण झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा नियम २०२३ साली केला गेला.

ज्याने कधी कर्जच घेतलेले नाही, त्याचे काय? त्याच्याविषयी नोंदच नसते. अशा पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले आहे. पहिल्या कार्डासाठी आणखी एक मार्ग असतो, तो म्हणजे मुदत ठेवीच्या आधारावर मिळणाऱ्या कार्डाचा. ठेव तारण असल्याने बँकेचा धोका घटतो आणि ग्राहकाचा इतिहास सुरू होतो.

विद्यार्थी मित्रांनो, काही वर्षांनी तुमच्यापैकी कोणी शिक्षणासाठी कर्ज मागेल, कोणी पहिल्या पगारावर कार्ड घेईल. महाविद्यालयाच्या दाराशी किंवा मोबाइलच्या पडद्यावर ‘लगेच मंजूर’ अशा जाहिराती तुम्हाला भेटतील. त्या वेळी एवढे आठवा की प्रत्येक अर्ज ही एक नोंद आहे. एकदम पाच ठिकाणी अर्ज करू नये. एका ठिकाणी नकार आला तर त्याच आठवड्यात दुसरीकडे धावू नये. आधी कारण विचारावे, अहवाल मागवून चूक आहे का ते पाहावे. घर किंवा शिक्षण यांसाठी मोठे कर्ज घ्यायचे असेल, तर त्याआधीचे काही महिने किरकोळ नवी खाती उघडू नयेत. आणि जे खाते उघडले, त्याचे पैसे तारखेला पूर्ण भरावेत. अनेक कार्डांवर थकलेल्या रकमेला महिन्याला ३ टक्क्यांहून अधिक व्याज लागते. गुणांक घटल्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा हे नुकसान पुष्कळदा मोठे असते.

स्वाध्याय

१. एका व्यक्तीचे एकच खाते ४० महिन्यांचे आहे. आज तिने दोन नवी खाती उघडली. सरासरी वय किती झाले? ते पुन्हा ४० महिने होण्यास किती काळ लागेल? (उत्तर: १३ पूर्णांक १/३ महिने, सुमारे २७ महिने.)

२. वरील उदाहरणात दुसऱ्या गटाला बँकेने कमी मर्यादेचे कार्ड दिले, आणि त्यामुळे प्रत्येक बुडीत ग्राहकामागे नुकसान २५,००० रुपयेच झाले, तर बँकेला नफा होईल की तोटा? मिळकत तेवढीच धरा. (उत्तर: ७६,००० रुपये नफा.)

३. मिळकत २,००० आणि नुकसान ५०,००० असताना, दर किती ग्राहकांमागे एक बुडविणारा असेल तर बँकेला नफाही नाही आणि तोटाही नाही? (उत्तर: २६ ग्राहकांमागे १.)

४. वर्गात दोन गट पाडा. एका गटाने बँकेची बाजू मांडावी, दुसऱ्याने त्या १८८ जणांची. दोन्ही गटांनी केवळ वरील आकडेच वापरावेत. दोघांनाही मान्य होईल असा एखादा नियम सुचविता येतो का, ते पाहा.